चुलीतला नकाशा

आयलुकच्या किनाऱ्यावर कोरेंटनं
माडाच्या काड्या बांधल्या: ही पूर्वेची लाट, ही उलटी,
ही कवडी म्हणजे जेमो बेट.
मी एकदा बोट फिरवलं. म्हणाले, झालं पाठ.
त्यानं गाठी सोडल्या. काड्या चुलीत.

तीन दिवस अवाक्षर नाही.
चौथ्या दिवशी मी मासे साफ करताना,
"कवडी कुठं होती?"
हात खवल्यांनी माखलेले, डोकं रिकामं.
सांगितलं नाही त्यानं. सुरीकडे बघत बसून राहिला,
आणि मी आतल्या आत चाचपडत
एकेक काडी वर काढली.
"दोन चुकल्या," एवढंच म्हणाला.

मग अकरा दिवसांनी.
मग मी विसरतच आले होते तेव्हा,
नेमका तेव्हाच.
त्याला कसं कळायचं, देव जाणे.

एका रात्री डोळे बांधून
नावेच्या तळाशी उताणं निजवलं मला.
पाठीखालून दोन लाटा एकमेकींना छेदून गेल्या
आणि मणक्यात खूणगाठ बसली:
तीच, जळालेली.

आता नेमोन विचारते, "नकाशा कुठाय?"
मी चुलीकडे बोट दाखवते.
चिडते ती. चिडू दे.
सोमवारी विचारीन तिला, नाहीतर त्याच्या पुढच्या.
अजून ठरवलं नाही.