झडती

तांडापेठेत, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत,
नंदनवारांच्या टीव्हीतलं चित्र श्वास घ्यायचं.
उजेड. अंधार. पुन्हा उजेड.
मधेच वरची कड वाकायची
गच्चीवर वाळत घातलेल्या पापडासारखी.

"कूलरनं होत असन, पोरी," गोपीचंदजी म्हणाले.
मे महिना. कूलर बंद केला.
आम्ही दोघं घामानं निथळलो, चित्र तसंच.
वायर बदलली. व्हीसीआर उघडून हेड स्पिरिटनं पुसला.
हेडचा इथं काही संबंध नव्हता,
पण बाबांचा हात माझ्या हातात उतरलाय:
सुचेनासं झालं की आधी पुसून घ्यायचं.

डीव्हीडी कंपनीची, सीलबंद, बर्डीवरून आणलेली.
ती काढून नातीच्या बारशाची लावली.
स्वच्छ. बाळाच्या नाकातला शेंबूडसुद्धा दिसला.
तिथं मला कळलं.
पण त्यांना आधी त्यांचं सांगायचं होतं.

"एकोणऐंशी साली मिलच्या गेटवर शूटिंग झालती.
पाळी सुटते, माणसं बाहेर पडतात,
त्याच्यात मी आहो. सायकल घेऊन. निळा शर्ट."
"कायचा निळा," आतून काकू,
"तुमचा टाइम आला का पिक्चर काळाच होऊन जाते."
"तेच तं सांगून राहिलो ना मी!"

टीव्हीमागं वाकून मी दाखवलं.
टीव्ही जुना, त्याला अँटेनाचं एकच भोक.
म्हणून मुलानं प्लेयर जोडला व्हीसीआरला,
आणि व्हीसीआर टीव्हीला.
बिघडलं काहीच नाही.
पण कंपनी चित्राच्या वर, न दिसणाऱ्या ओळींत,
खोटा उजेड पेरून ठेवते,
कधी जास्त, कधी कमी.
टीव्ही तिकडं बघतही नाही.
व्हीसीआर बिचारा उजेड मोजून चालणारा,
त्याला वाटतं, फार झालं, वात खाली करतो,
मग वाटतं, अरे, विझली की, वर करतो.
कॉपी करणाऱ्यांसाठी लावलेला सापळा आहे हा.

"पण मी तं फक्त पाहून राहिलो."

हो. पण त्याला ते कळत नाही.
व्हीसीआरमधून जाणारा प्रत्येक जण त्याला चोरच.

गोपीचंदजी बराच वेळ वायरीकडं बघत बसले.
"म्हणजे झडती," म्हणाले.
"गेटवर, सुटतानी. हात वर, डबा उघड.
एकोणीस वर्षं. सुताची एक कांडी निघाली नाही माझ्या डब्यातून,
पण डबा रोज उघडला."

दुसऱ्या दिवशी मॉड्युलेटर आणला,
साबणाच्या वडीएवढा, तीनशे साठ रुपये.
प्लेयर त्याच्यात, तिथून थेट टीव्हीत,
चॅनल तीन नंबरचं.
व्हीसीआर बाजूला झाला. काकूंनी लगेच त्याच्यावर
क्रोशाचा रुमाल टाकला, मयतावर टाकावा तसा.

गेट उघडलं.
भोंगा ऐकू आला नाही, त्यावर कंपनीनं गाणं टाकलेलं.
माणसं येत होती, येत होती,
आणि डाव्या कडेनं एक पोरगा,
सायकलच्या हँडलला डबा, झाकण बंद,
ताठ मानेनं, कोणीही न थांबवता, बाहेर.
चार सेकंद. उजेड हलला नाही.

"त्या दिवशी झडती नव्हती," ते म्हणाले. "शूटिंग होती ना."

काकू पदरानं चष्मा पुसत पुढं सरकल्या.
"शर्ट तं बदामी आहे."
कोणी उत्तर दिलं नाही.
"मागं घ्या बरं थोडं.
तो तुमच्या मागं, चप्पल हातात घेतलेला,
तो दशरथ पराते नाही का?
त्याचा तं घरी एकही फोटो नाही."

मी रिमोट त्यांच्या हातात दिला
आणि कूलर चालू केला.