धुण्याचा वार

फ्लीटवुडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला इंग्रजीचा तास.
हीटर कण्हतो. खिडकीबाहेर धक्का,
तिथे आता बांधलेल्या असतात फक्त हौशी नावा.

हिल्डा रिमर, वय अठ्ठ्याहत्तर,
फळ्यावर क्रियापदं मांडते
बाजारात वाटे लावावेत तशी:
सेट ऑफ. गो आउट. कम बॅक. टर्न अप.
"क्रियापद बिचारं साधं," म्हणते,
"सगळा खोडसाळपणा त्याच्या शेपटीचा."

तेस्फालेम वहीत खरोखरच शेपट्या काढतो.
गेट ऑन, गेट ऑफ, गेट अवे, गेट थ्रू
हे सगळं तो करून बसलाय, वाळवंटात, ट्रकमध्ये, रबरी होडीत.
त्याला फक्त नावं हवी होती.

"आता वुड. जुन्या सवयींसाठी. असं बघा:
सिरिल वुड गो आउट. तीन-तीन आठवडे.
ही वुड कम बॅक.
दारात बूट वाजायचे, एक आधी, दुसरा बऱ्याच वेळानं.
मासळीचा वास त्याच्याआधी जिना चढे.
आंघोळ राहू दे, चहा आण, म्हणे.
आणि तो निघायचा त्या दिवशी मी कपडे धूत नसे.
गल्लीत कुणीच धूत नसे.
धुतलं तर माणूस वाहून जातो, म्हणायच्या."

होशंग, दिवसभर लोकांची डोकी भादरून आलेला,
कात्रीचे वळ असलेलं बोट वर करतो:
"पण मागच्या तासाला वुड जर-तरचं होतं.
जे झालंच नाही, त्याचं.
आज ते नेहमी व्हायचं त्याचं कसं?"

"शब्द तोच. शेजारी इफ आहे का बघायचं.
इफ नसेल तर सवय."

रासा, मासे भरण्याच्या कारखान्यातली, कधी न बोलणारी:
"आणि इफ मनातल्या मनात असेल तर?"

मी मागच्या बाकावर. माझ्या वहीत दोन रकाने.
एकात: येई, येत असे, यायचा.
दुसऱ्यात: आला असता.
आमच्याकडे या दोघांची बिऱ्हाडं वेगळी,
मधे चांगली जाड भिंत.
इथे एकाच खोलीत, एकाच पांघरुणाखाली
निजतात शंभरदा झालेलं
आणि एकदाही न झालेलं.

हिल्डा फळ्याकडे वळते.
सिरिल वुड कम बॅक,
लिहिते पुन्हा, पहिल्याच्या खाली, तेच, तसंच,
फक्त पूर्णविराम देत नाही.

"जानेवारी होता," पाठमोरीच म्हणते.
"आणि ऊन. जानेवारीत, फ्लीटवुडात, ऊन!
दोन सदरे. चार उशांचे अभ्रे.
म्हटलं, एवढ्यानं काय होतंय."

हीटर दोनदा खोकतो.
होशंग बोट खाली घेतो, जणू तेच त्यानं केलं.
"हं. तर. गृहपाठ," हिल्डा म्हणते,
"वुड घालून एक वाक्य. शेपटीवालं क्रियापद हवं."

खाली उतरताना मी तिला सांगितलं,
आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात.
"मग येता का?" तिनं विचारलं,
कोटाच्या बाहीत हात शोधत.
बहुतेक वेळा, मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी तेस्फालेमची वही:
माय मदर वुड कम आउट टू द रोड.
हिल्डा वाचते. लाल पेन उघडते.
"कुठलं वुड हे? तेव्हाचं, की...?"
तो खांदे उडवतो.
गावात फोन लागत नाही, सात महिने झाले.

ती बराच वेळ वाक्य बघत राहते,
मग, "रोडमध्ये ए राहिला,"
एवढंच म्हणते,
आणि ए घालते.