फक्त बाहेरून आलेल्यांसाठी

मेच्या अखेरीस यादी माझ्या टेबलावर येते.
एकशे बारा विषय, इंग्रजीतून,
परदेशातून सत्रापुरत्या येणाऱ्या मुलांसाठी खुले.
मी एकेकापुढे वार टंकते, खोली, क्रेडिट.
खिडकीखालून एमायोगी वाहते,
तिला यादीचं काही पडलेलं नसतं.

एकोणीस वर्षं तार्तूत हेच करते आहे.
कोट नवा असेल तर पोराला सगळंच शिकायचं असतं.
सारखा घरून फोन येत असेल तर सोपं काहीतरी.
एकीला शुक्रवारी तास नसलेला कुठलाही विषय चालणार होता,
शुक्रवारी दुपारी रीगाची बस असते.
रीगात कोण, ते मी विचारलं नाही.

यंदा शेवटच्या पानावर, अगदी तळाला:
दलदलीचा अभ्यास. तीन क्रेडिट.
शिकवणार हेल्दूर राउदसेप,
सत्तरी उलटलेला, विजार गुडघ्यापर्यंत कायम ओली.
माहितीच्या रकान्यात त्यानं एवढंच लिहिलं होतं:
बूट घेऊन या.

पाच नावं हवीत, नाहीतर विषय बंद.
पंधरा सप्टेंबर, दुपारी चार.

चार आली.
बिल्बाओच्या ऐनोआनं चुकून बटण दाबलं,
मग म्हणाली, राहू दे आता.
कुमासीची एफुआ म्हणाली,
आमच्याकडे दलदल बुजवून वर दुकानं बांधतात,
मला न बुजवलेली बघायची आहे.
कुताइसीच्या झुराबला शिष्यवृत्तीसाठी तीनच क्रेडिट कमी पडत होते.
आणि ब्रेस्टचा कोरांतँ. त्याच्याकडे बूट होते.

साडेतीनला हेल्दूर काउंटरशी येऊन उभा राहिला.
काही विचारलं नाही.
माझ्या कुंडीतल्या निवडुंगाकडे पाहत म्हणाला,
पाणी फार घालतेस.

तो गेल्यावर मी नवा अर्ज उघडला.
नाव: मारिका तोमसालू.
मूळ विद्यापीठ: रिकामं ठेवलं, रकाना लाल झाला.
काहीतरी भरलं, विझला.
देश: यादीत जगातले सगळे देश होते,
माझा सोडून.
वर गेले, खाली आले,
स्वतःच्या घरात स्वतःच्या चपला शोधाव्यात तशी.
चार वाजले.

चौघांना पत्रं धाडली. आम्हांला खेद आहे.
त्या आम्हांत मी एकटीच असते.
झुराबला जुन्या नाण्यांच्या वर्गात जागा मिळाली,
त्याचा जीव भांड्यात पडला.

तरी शनिवारी सकाळी सातला बसथांब्यावर चौघंही होती. झुराबसुद्धा.
यादीत नसलेला वर्ग, हजेरी नाही, गुण नाहीत,
कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे.
हेल्दूरच्या पाठीवर पसरट जाळीच्या पावलांचे सहा जोड,
एक माझा, जरा सैल.
तो म्हणाला, इतक्या वर्षांत काउंटरमागचे तुझे पाय
कधी दिसलेच नाहीत, अंदाजानं आणला.

दलदल हळूच खाली जायची, पुन्हा वर यायची,
झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी.
डबक्यांत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.
बुटकी पाइनची झाडं, आमच्या खांद्याएवढी,
आणि वयानं हेल्दूरपेक्षा मोठी.
हे शेवाळ साचत साचत वर्षाला एक मिलिमीटर चढतं, तो म्हणाला,
आणि पुढचा अर्धा तास काहीच बोलला नाही.
एफुआनं उकिडवं बसून वीत टेकवली.
म्हणजे ही दोनशे वर्षं, ती म्हणाली.
ऐनोआ हसली, मग तिनंही वीत टेकवली.

माझी एकोणीस, म्हणजे अंगठ्याची रुंदी.
मी अंगठा आडवा रोवला. काढला.
खाचेत पाणी भरलं.

सोमवारी संगणक विभागाला कळवलं,
देशांच्या यादीत एक नाव कमी आहे.
उत्तर अजून नाही.
बूट टेबलाखाली वाळत ठेवलेत.
नव्या कोटातला एक मुलगा अर्ज भरता भरता नाक आक्रसतो,
हा वास कसला?
तीन क्रेडिटचा, मी म्हणते,
आणि त्याला पेन देते.