जाहीर नोटीस

पोत्यांवर मार्का घालायची शाई
एकदा लागली की महिनाभर नखातून जात नाही.
मगदूमांच्या अडतीवर मी पावत्या लिहिते
आणि दुपारी, सौदे उठल्यावर,
काडीला कापूस गुंडाळून
कालच्या पेपरातले शब्द बुजवत बसते.

सुरुवात बाजारभावाने झाली.
'सांगली : आज गुळाची आवक कमी.
बेदाणा तेजीत, हळद स्थिर.
उद्या अमावास्येमुळे बाजार बंद.'
गूळ गेला, बेदाणा गेला, हळद गेली.
उरलं ते :

आज
कमी
उद्या
बंद

मला हसू आलं. मार्केट यार्डात एकटीच हसले.

मग वर पाहिजे, वधू पाहिजे.
'उंच, गोरी, पदवीधर, गृहकृत्यदक्ष.
अपेक्षा : नोकरदार, निर्व्यसनी, स्वतःचं घर.'
त्यातलं 'स्वतःचं घर' तेवढं ठेवलं
आणि कागद ड्रॉवरात टाकला.

शेठ म्हणाले, शाईचे पैसे पगारातून कापीन.
कापले नाहीत.

तोलाईदार सातगोंडा तात्या मात्र
काट्याला टेकून रोज बघायचे.
"हे आमच्या सौद्यासारखंच की गं.
रुमालाखाली बोटं धरायची.
बघणाऱ्याला नुसतं कापड दिसतंय,
दर खालीच असतोय."
मी म्हटलं, तसं नाही तात्या,
इथं माझं बोट कोण दाबतंय?
"दाबतंय की. तुला कळंना झालंय."

एका बुधवारी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशातून
प्लॅस्टिकच्या पिशवीतली घडी निघाली.
बारा वर्षांची. दुमडींवर अक्षरं विरलेली.

'तमाम लोकांस या नोटिशीने कळविणेत येते की,
माझा मुलगा नामे भरतेश हा माझे सांगणेत नसून
घर सोडून निघून गेला आहे.
त्याचे कोणतेही देणेघेणेस मी जबाबदार नाही.
त्याचेशी कोणीही व्यवहार करू नये.
सबब ही नोटीस.
सा. बा. चौगुले, मु. हरिपूर.'

"वकिलानं लिहिलं, मी सही केली.
बघ, ह्यातलं काय ठेवता येतंय का."

काडी बुडवली. दुसरी प्रत नव्हती.
'तमाम लोकांस' आधी गेले,
लोक जाताना काही वाटलं नाही.
'सबब' गेलं. 'व्यवहार' गेला.
'जबाबदार' बुजवताना त्यांनी तोंड फिरवलं,
बाहेर हमाल चहाचे पेले विसळत होते.
'सोडून'वर शाई दोनदा फिरवावी लागली,
खालून दिसतच राहिलं.
'नामे' झाल्यावर हात थांबला.
"नाव असू दे," तात्या म्हणाले.

██████████████████
माझा मुलगा ███ भरतेश ███████
घर ███████████ आहे
████████████ मी ██████
██████████████████
████████

शाई पार पलीकडे उतरली होती.
मागच्या बाजूला कुठल्याशा साडीच्या दुकानाचा सेल,
त्यातलं 'भव्य' तेवढं वाचलं.

तात्यांनी कागद पंख्याखाली धरला.
मी विचारलं, नंबर आहे का त्याचा?
फोटो पाठवू?

ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.
काट्यावर काही नव्हतं.

"हरिपुरात आमची पेवं होती तवा,"
म्हणाले,
"तोंड उघडलं की लगेच कोण उतरत नव्हतं.
आधी दोरानं कंदील सोडायचा.
विझला, तर अजून थांबायचं."

मग घडी न घालताच
कागद माझ्या टेबलावर पसरला,
वर पाच किलोचं वजन ठेवलं
आणि पुढच्या गाडीच्या मापाला गेले.