मुकं अक्षर

शटरच्या फटीतून आत सरकवलेला कागद
आधी मला वीजबिल वाटला.
चष्मा पिठाच्या डब्यावर होता. लावला.
दर आठवड्याला पाचशे लेम्पिरा,
पहिला हप्ता येत्या शुक्रवारी,
नाहीतर तुमचा मुलगा
कारखान्याच्या बसमधून कुठे उतरतो
ते आम्हाला ठाऊक आहे.
खाली फोन नंबर.

पायांतलं बळच गेलं.
मैद्याच्या पोत्यावर बसले
आणि सत्तावीस वर्षांची खोड,
कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

'मुलगा' चुकलाय.

आमच्या भाषेत त्या शब्दाच्या दाराशी
एक अक्षर उभं असतं. त्याला आवाज नाही.
कुणी उच्चारत नाही,
पण ते नसलं की शब्द उघडा पडतो.
चोलोमाच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात
ते गाळणारी पोरं पुष्कळ होती.
पण ते गाळून वर पुढच्या अक्षराची शेपटी
खालच्या ओळीला टोचेल इतकी ओढणारा
एकच होता.

ओस्मान,
तू खिडकीपाशी बसायचास.
पुराच्या वर्षी दोन्ही डाव्या पायांचे बूट घालून आलास
आणि जो हसला त्याला चावलास.
मी तुझी वही लाल पेन्सिलीने भरून टाकायचे.
तू विचारलंस, बाई, जे ऐकूच येत नाही
ते लिहायचं कशाला?
मला काही सुचलं नाही.
म्हटलं, नियम आहे. दहा वेळा लिही.
तू सात वेळा लिहिलंस आणि घंटा झाली.

समोरची एर्मेलिंदा म्हणाली, देऊन टाक,
पोरगं मोठं की पाचशे?
पोरगं म्हणालं, मी भेटतो त्याला, आम्ही एकत्र खेळायचो.
सव्वीस वर्षांच्या नेप्तालीच्या थोबाडीत
मी पिठाच्या हाताने एक ठेवून दिली.
जन्मात पहिल्यांदा.
त्याच्या गालावरची पांढरी बोटं
त्याने पुसली नाहीत, मीही नाही.
पहाटे चारच्या बसने त्याला
दानलीला मावशीकडे धाडला.

त्या नंबरावर फोन केला नाही.
खरं सांगायचं तर एकदा लावला.
एक घंटी वाजली, आणि ठेवला.
काय बोलणार होते?
जेवलास का, असंच तोंडातून निघालं असतं.

मग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला,
सान पेद्रोला गेले,
सरकारी वकिलाच्या कचेरीत दोन तास बाकावर बसले.
दोनदा उठले, दोनदा दारापर्यंत जाऊन आले.
टेबलामागच्या मुलीने विचारलं, कुणावर संशय?
म्हटलं, संशय नाही.
तिने तसंच टाईप केलं.
म्हटलं, खोडा ते. नाव लिहून घ्या.
तिने लिहिलं. मी वाकून पाहिलं.
तुझ्या नावात शेवटच्या स्वरावर
एक तिरकी रेघ येते.
ती तू स्वतःच्या नावावर कधीच दिली नाहीस.
मी तिला द्यायला लावली.

परतीच्या बसमध्ये रडले, ते मात्र
नेप्तालीसाठी नव्हतं. का ते विचारू नकोस.

आज शुक्रवार.
कडी रात्री तीनदा तपासली, तरी पहाटे
शटर अर्ध्यावर उचललं. बीन्स शिजतायत.
बालेआदा विकते मी, नावाचा अर्थच
'जिला गोळी लागली ती'.
गिऱ्हाइकं हसतात त्यावर. आज मी सांगितला नाही.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर
मला अजून नीट देता येत नाही.
एवढंच, की चार दिवस घरात
त्याच्या घोरण्याचा आवाज नाही
आणि रात्री मी ताटं दोनच मांडते.

तीन वेळा लिहायचं राहिलंय तुझं.

मोटरसायकल आली की हात थांबतो.
पुढे गेली, की पुन्हा थापायला घेते.