न्यूपोर्ट, दुसरी फेरी

युद्धखेळाच्या सकाळी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या.
माझ्या वाट्याला आलं एक बेट :
चार लाख माणसं, एक बंदर,
कर्जाचे तीन हप्ते थकलेले.
भारत गेला ओहायोच्या एका पोराकडे.

बाहेर नॅरॅगन्सेटच्या खाडीवर धुकं,
आत हिटरजवळ हिंदी महासागर
सनमायकाच्या टेबलावर पसरलेला,
लक्षद्वीपपाशी कॉफीचा डाग.

पहिल्या फेरीत चीनवाल्या बाईंनी
मला धक्का बांधून दिला.
दुसऱ्या फेरीत पोरगा उठला,
माझ्यासमोर निळी फ्रिगेट ठेवली, म्हणाला,
"आम्ही काय परके? शेजारीच ना."

वाक्य ओळखीचं होतं.
अकरा वर्षं साउथ ब्लॉकच्या फायलींत
मीच ते घासूनपुसून लिहीत आले,
आणि लिहिताना खरंच तसं वाटायचंही.
समोरून ऐकलं तेव्हा
आधी लक्ष गेलं तोफेच्या तोंडाकडे.

"उत्तर, मिस खानविलकर?"
पंचांनी घड्याळ दाखवलं.
समुद्राचं पाणी गोडं करणारं बेटावरचं यंत्र
बिघडलं तर सुटे भाग कोण देणार,
एवढंच मी विचारलं.
पोराने कागद चाळले. पाणबुड्या होत्या, रडार होतं.
चीनवाल्या बाईंनी न बघता हात वर केला.

जेवणाच्या सुट्टीत तो जवळ आला :
"तुम्ही तिकडच्याच ना? खरं सांगा,
कुठे चुकलो मी?"
सँडविचचा कागद उलगडत म्हटलं,
आधी नळ उघडून बघ.
तो हसला, वहीत टिपून घेतलं.
त्याला वाटलं, आमच्याकडची म्हण असावी.