माप

नव्या मुख्य कोचचं जॅकेट शिवायला टाकायचं
तर माप आधी माझ्याकडे येतं,
बातमी नंतर.
म्हणून मला मंगळवारीच कळलं होतं:
छाती बेचाळीस, बाही चौतीस.
कोच गेलार्डची मुलाखत होती गुरुवारी.

थर्मन गेलार्ड. छाती बावन्न.
त्याचं माप मला टेपशिवाय पाठ आहे,
बावीस वर्षं धुतोय मी त्याचे कपडे.
डाव्या खिशात खडू, उजव्यात पेपरमिंट,
आणि गुडघ्यांवर गवताचे डाग,
कारण बचावफळीतल्या पोरांना किती खाली वाकायचं
हे तो अजून स्वतः वाकून दाखवतो,
एकोणसाठाव्या वर्षी.

मी काही बोललो नाही.
काय बोलणार,
सुपारी फुटलीय, आता नुसतं तोंड दाखवून ये?

गुरुवारी तो निळा टाय लावून आला.
हा टाय मी ओळखतो. चार कॉलेजांच्या मुलाखती पाहिल्यात त्याने.
दर वेळी गाठ तेवढी नवी.

चाळीस मिनिटं.
मग तो गाडीकडे न जाता
खाली माझ्या ड्रायरच्या खोलीत आला,
साबणाच्या बादलीवर बसला,
म्हणाला, इथं जरा ऊब आहे.
अलाबामातला डिसेंबर काही इतका गार नसतो.

तुटक तुटक सांगत गेला.
विश्वस्त सहा, पाण्याच्या बाटल्या सात,
सातवीचं झाकण शेवटपर्यंत बंद.
एका बाईंनी विचारलं, देणगीदारांच्या घरी जेवायला जाताना
तुम्हाला अवघडल्यासारखं तर नाही ना होणार?
"मी म्हटलं, बाई, तीस वर्षं मी
अनोळखी लोकांच्या स्वयंपाकघरात बसून जेवतोय.
तुमचा अख्खा संघ तिथूनच आणलाय."
हसले सगळे.
शेवटी अध्यक्षांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला
आणि तो शब्द काढला: फिट.
माणूस सोन्यासारखा, पण फिट...

मी टॉवेल काढले. दोघांनी मिळून घड्या घातल्या.
माझे हात त्याच्या हातांच्या रंगाचे नाहीत,
हे इथे सांगायला हवं.
माझ्या बापाने याच मैदानाच्या फाटकाबाहेर
त्याच्यासारख्यांना उभं केलेलं पाहिलं होतं.
सांगताना म्हणायचा, तेव्हा तसंच होतं,
पावसापाण्याबद्दल बोलावं तसा.
मंगळवारपासून मीही तसाच.

शनिवारी विमान उतरलं.
कोल्बी ट्रॅव्हिक, छत्तीस वर्षांचा. बाप कोच, आजा कोच.
कधीकाळी इथेच शिकाऊ होता.
गेलार्डने त्याला ओल्या टॉवेलवर खडूने डाव काढून दाखवले होते,
तो टॉवेल धुताना मी दोघांनाही शिव्या घातल्या होत्या.
जॅकेट चपखल बसलं.
कॅमेऱ्यांसमोर त्याने गेलार्डला मिठी मारली:
"या माणसाशिवाय माझं पान हलणार नाही."
मनापासून बोलला.
तेच तर.

त्याच रात्री गेलार्ड दोनशे मैल गाडी हाकत गेला
ओपल नावाच्या कुणा बाईकडे,
तिचा मुलगा आमच्या कॉलेजसाठी मागायला.
भात, भेंडी, तळलेली कोंबडी.
पोरगं सतरा वर्षांचं, दाराएवढं, हूं की चूं करेना.
जेवता जेवता एकदम म्हणालं,
सर, मग मुख्य तुम्ही का नाही?

काय उत्तर दिलं ते त्याने मला सांगितलं नाही.
एवढंच म्हणाला, की ओपल उठली
आणि न विचारता
त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

सोमवारी त्याची पँट धुण्यात आली.
खिसे उलटे केले. खडू. पेपरमिंट.
गुडघे हिरवेगार.
ते डाग मी या वेळी तसेच राहू दिले.

नाही, खोटं कशाला बोलू.
काढले. ब्रशने, घासून घासून.
पगार त्याचाच मिळतो मला.